मोकळी पाकळी

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. तीस वर्षं चुन्याचं काम केलंय… अमावस्येला पाया खणलाय, शनिवारी भिंत उतरवलीय. कधी काही झालं नाही. म्हणूनच हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय.

गेल्या वर्षी कोरेगावात एका जुन्या शाळेच्या दुरुस्तीवर होतो. दगडी, दोन मजली इमारत. दर्शनी भिंतीवर दोन मजल्यांच्या मधून चुन्याची आडवी पट्टी, तिच्यावर ओळीनं कमळाच्या पाकळ्या. उजव्या टोकाची एक पाकळी मात्र नव्हतीच… नुसता खळगा.

बरोबर कुंडलचे बापू होते, सत्तरीचे गवंडी. मी काम शिकलो तेच मुळी त्यांच्या हाताखाली. म्हणाले, "ती भरू नगंस. जुनं कारागीर शेवटची पाकळी मोकळी सोडायचं. काम पुरं झालं की हात थांबतो, म्हनायचं."

"आवं बापू, उद्या सायेब बघायला येनार. अपुरं दिसलं तर समदी पट्टी तासून सिमेंट मारत्याल."

"मारू देत. तू भरू नगंस रं."

मी दमलो होतो, वैतागलोही होतो. दुपारी एकटाच परांचीवर चढलो आणि पाकळी भरली. जेवून येतो तर ती खाली मातीत — अखंड, एक चीर नाही. ओला चुना इतक्या उंचावरून पडून अखंड? पुन्हा भरली. चहा पिऊन आलो, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मात्र चिकटली. दुसऱ्या दिवशी साहेब खूश झाले, पट्टी वाचली.

त्याच संध्याकाळी चुना लावायची थापी धुवायला घेतली तर तिच्यावर बोटं मिटेनात.

घास घेताना मिटतात. पेन धरता येतं, मोटारसायकल चालवतो. फक्त थापीवर मिटत नाहीत. सांगलीत दोन डॉक्टर झाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. एक म्हणाले, टेन्शन असेल. असेलही… तसंच असावं असं मला फार वाटतं.

महिन्याभरानं बापूंनी स्वतः शिडी लावून ती पाकळी फोडली. खाली उतरले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिले. फरक पडला नाही.

आता तासगावच्या एका कामावर सुपरवायझर आहे. उन्हात उभा राहून दुसऱ्यांना सांगतो, चुना असा ओढ, असा दाब. हे कशानं झालं, मला आजही सांगता येत नाही. घरचे म्हणतात, बढती झाली, कष्ट सुटले. मी हो म्हणतो… पण मला ते कष्ट हवे होते.