अकरा बाटल्या

पोस्टकार्ड हातात आलं की आई आधी ते उलटसुलट करून त्यावर कोणाच्या बोटांचे डाग आहेत का ते बघायची. मगच माझ्याकडे वाचायला द्यायची. तिला छापील अक्षर वाचता येई, हाताचं येत नसे. पण डाग बघायची सवय तिला मी मॅट्रिक झाले त्या वर्षी लागली. त्या वर्षी आमचं एक कार्ड जायचं तिथे गेलंच नाही.

वडील मिशनचे प्रचारक होते आणि आई बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी. अकोल्याहून दोन तासांच्या बसवरच्या एका बाजारगावात त्यांची नेमणूक होती. माझे आजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेले, म्हणजे आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती आणि कितव्या तरी पिढीचे वऱ्हाडी. तरी गावातल्या काही जणांना आम्ही परवा विलायतेहून उतरलो असंच वाटे. "आपल्याइतका काळा साहेब यायनं कुठं पायला असन?" असं वडील म्हणायचे. प्रार्थनेला उभे राहिले की ते पुस्तकी मराठीत "आम्हांस" म्हणत आणि जेवायला बसले की "आमाले". देवाला वऱ्हाडी समजत नसेल का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "समजते. पन त्याच्यासमोर जरा बरे कपडे घालावं लागते."

त्या दिवसांत मिशनांच्या कामाची चौकशी चालू आहे असं कानावर येत होतं. रविवारी आमच्या पडवीत दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमत. एका रविवारी एक अनोळखी माणूस वही-पेन्सिल घेऊन मागे येऊन बसला आणि पुढे दर रविवारी येत राहिला. तो कोणाचा, कोणी पाठवला, कोणालाच माहीत नव्हतं. वडील उपदेश मधेच थांबवून विचारत, "भाऊ, लिहून झालं का? पुढचं सांगू?"

तो वर न बघता म्हणे, "सांगा. हळू सांगा."

आईचा जीव खालीवर व्हायचा. "जिभेले आवर घाला जरा," ती म्हणायची. "हसनारा मानूस लोकायले लवकर खोटा वाटते."

"अवं, इतक्या लोकायत तो एकटाच त ध्यान देऊन आयकते," वडील म्हणायचे.

त्याच सुमाराला अकोल्याच्या मिशन दवाखान्यात बाटल्यांची टंचाई झाली. तेव्हा खोकल्याचं औषध दवाखान्यात सुटं मिळे, बाटली आपली आपण न्यायची. बाटली नसेल तर औषध असूनही माणूस रिकाम्या हाताने परत येई. तिथल्या नर्सबाईंनी आईला कळवलं, गावातून रिकाम्या बाटल्या गोळा करा. आई घरोघर हिंडली आणि पंधरा दिवसांत अकरा बाटल्या जमवल्या. बाटली कोणी दिली, कोणाच्या घरी कोण खोकतं, हे ती बाहेर बोलत नसे. नर्सबाईंना मात्र घरं कळवायची होती, म्हणजे औषध भरून त्याच घरी परत जाईल. म्हणून पत्र लिहायला मला बसवलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा गर्व होता.

वडील सांगू लागले, "लिही. या पंधरवड्यात अकरा बाटल्या. त्यात पाटलांच्या घरच्या दोन. बाकीच्यांची घरं पुढच्या कार्डात."

मी लिहिलं, वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मला हसू फुटलं. गावात आमच्याबद्दल एकच शब्द चालायचा, बाटणे. अमका बाटला, तमकी बाटली. आणि इथे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की गावातल्या अकरा बायका बाटल्या, त्यात पाटलांच्या घरच्या दोन. वडील मिशीत हसत होते. सांगतानाच त्यांनी ते ताडलं होतं.

"बदलू का?" मी विचारलं.

"राहू दे. नर्सबाई बी हसतीन. दिवसभर पू पुसतात बिचाऱ्या."

मी कार्ड पेटीत टाकलं. अकोल्याहून काही उत्तर आलं नाही.

मला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मिशनने वसतिगृहाचा खर्च द्यायचं कबूल केलं होतं, फक्त अर्जासोबत हेडमास्तरांचा चालचलणुकीचा दाखला हवा होता. अर्जाच्या मुदतीला चार दिवस उरले होते, तेव्हा मी शाळेत गेले. हेडमास्तर आम्हाला मराठी शिकवायचे. कडक, पण मला त्यांनीच वाचायची गोडी लावलेली. त्यांनी खण उघडला आणि माझं कार्ड टेबलावर ठेवलं.

"अक्षर तुझंच ना?"

"हो सर."

"पाटलांच्या घरच्या कोण दोघी?"

मी म्हटलं, "सर, त्या काचेच्या बाटल्या. औषधाच्या."

"मग तसं का लिहिलं नाहीस?" त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "लिहिताना दुसरा अर्थ ध्यानात आला होता की नव्हता?"

"नव्हता सर," मी म्हटलं. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी त्याआधी बोलले नव्हते.

"पाटलांच्या घरून खुलासा आण. मग दाखल्याचं बघू."

कार्ड त्यांच्याकडे कोणी आणून दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. घरी आम्ही सगळ्यांवर संशय घेतला. आईला पोस्टातला माणूस वाटला, मला वहीवाला. शेजारीण ताक मागायला आली तर आईने तिला दारातूनच वाटी भरून दिली. वडील कोणाचंच नाव घेत नव्हते. "माही थट्टा पोरीच्या दाखल्याच्या आड आली," एवढंच एकदा म्हणाले. त्या दिवशी वरणात दुप्पट मीठ पडलं होतं. एरवी त्यावरून वडिलांनी आठवडाभर थट्टा केली असती. त्या दिवशी तिघांनी ते मुकाट्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पाटलीणबाईंकडे गेले. त्या मागच्या अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे मी बाटली म्हनते मास्तर?"

"नाही काकू, कार्डात तसं..."

"अवं पोरी, मी नाई बाटली. मी त बाटली देली!" आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी आधी पाटील बसले होते त्या ओसरीकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाल्या, "पन लिहून नाई देत बाप्पा. तुया मायनं मले दवाखान्याचं औषध देलं होतं. ते यायले माईत नाई. मिशनचं पानी पोटात गेलं म्हनून घर डोक्यावर घेतीन."

खुलासा मागणं म्हणजे त्यांना उघडं पाडणं होतं. त्या आत गेल्या आणि पदराखालून एक रिकामी बाटली घेऊन आल्या. बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली होती.

"हे ने. मास्तरले दाखव, म्हन अशी बाटली होती. कोनाची थे सांगजो नोको." मी वळले तशा म्हणाल्या, "अन् त्याले म्हन, तुया घरच्या फळीवर बी पाय. त्याच्या बायकोनंच मले पयले तुया मायचं नाव सांगतलं."

वाटेत माझ्या मनात आलं, हे एक वाक्य सरांसमोर बोलले की दाखला हातात. मग आई आठवली. लोकांच्या घरात पाहिलेलं तिथेच ठेवायचं, हा तिचा नियम. तो मी मोडला असता तर गावाला आमच्यावर संशय घ्यायला खरंखुरं कारण मिळालं असतं.

मी बाटली सरांच्या टेबलावर ठेवली. "सर, अशा अकरा होत्या. कोणाच्या ते मला सांगता येणार नाही. खुलासा मिळाला नाही. आणि काल मी खोटं बोलले. दुसरा अर्थ ध्यानात आला होता. मी लिहून झाल्यावर हसले होते."

"आणि वडील?"

"तेही."

सरांनी बाटली उचलली. पट्टीवर अंगठा फिरवला. बाटली खिडकीकडे धरून बराच वेळ बघितली. ती पट्टी त्यांनी आधी कुठे पाहिली असावी असं मला वाटलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग त्यांनी दौत ओढली आणि दाखला लिहिला. चालचलणूक चांगली. सही केली, शिक्का मारला.

मी दाराशी पोहोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"मराठी मी शिकवली ना तुला? वाक्याला क्रियापद पाहिजे. 'अकरा बाटल्या मिळाल्या' असं लिहिलं असतंस तर मला हा उपद्व्याप करावा लागला नसता."

ते थट्टा करत होते की रागावले होते, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही खात्रीने सांगता येत नाही. दाखला खरं बोलल्याबद्दल मिळाला की फळीवरच्या बाटलीमुळे, तेही नाही. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याबद्दल असा संशय बाळगणं बरं नव्हे, हे मला समजतं. त्यांच्या त्या सहीमुळे मी पदवीधर झाले. उपकार विसरले नाही, संशयही गेला नाही.

घरी येऊन मी सरांचं वाक्य सांगितलं. वडिलांचे खांदे हलू लागले. "क्रियापद!" ते म्हणाले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. आईही हसली आणि उठून तिने दाराची कडी लावून घेतली.

अमरावतीच्या वसतिगृहात मला वडिलांचं पहिलं कार्ड आलं ते चार दिवस उशिरा. कोपऱ्यावर शाईचा एक अंगठा होता, वडिलांच्या अंगठ्यापेक्षा रुंद. मी आईसारखं ते आधी उलटसुलट करून पाहिलं, मग वाचलं.

"तुझी आई बरी आहे. या महिन्यात सात बाटल्या मिळाल्या आहेत. त्या सर्व काचेच्या आहेत. कोणीही बाटलेले नाही. तू अभ्यास करीत जा. मधे वाचणाऱ्यासही आमचा नमस्कार आहे."