दारातला दांडा आणि सोवळं

माणसाने घरातल्या घरात किती फिरावं, याला काही सुमार? देवासच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेले सुभाषराव निवृत्त झाल्यापासून हॉल ते गॅलरी आणि गॅलरी ते हॉल एवढाच प्रवास करत होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चपला पायात सरकवायचे, मग आठवायचं, मग चपला काढायचे. बायको, अलकाताई, आधी हसल्या, नंतर हसेनाशा झाल्या. ते न हसणं सुभाषरावांना जास्त लागलं.

अशात योगेंद्रचा फोन आला. हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"सुभाषभिया, क्रेनच्या कामाला अनुभवी माणूस पाहिजे, दोन सालचा काँट्रॅक्ट. बस, उंचीवर चढायचा पास काढावा लागेल. तीस सेकंद पाइपला लटकून दाखवायचं."

"हो, त्यात काय," सुभाषराव म्हणाले. डावा खांदा वर जाताना कुरकुरतो, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारात बसवायचा दांडा घरात आला. मधून फिरवला की दोन्ही बाजूंनी चौकटीत घट्ट बसणारा, खिळे नकोत की भोकं नकोत. लाकडी चौकट घरात एकच, स्वयंपाकघराची. तिथे त्यांनी सहा वेळा माप घेतलं, लेव्हल लावली आणि चौकट करकरेपर्यंत दांडा आवळला. पहिल्या दिवशी अकरा सेकंद लटकले. पाचव्या दिवशी सतरा. टेस्ट आली आठवड्यावर.

आणि मध्येच महालक्ष्म्या आल्या.

आवाहनाच्या दिवशी ते दाराशी गेले, तर दांड्यावर ओलं लुगडं पसरलेलं. अलकाताई महालक्ष्म्यांचा स्वयंपाक सोवळ्यात करत. धुतलेलं लुगडं उंचावर, काठीने वाळत घालायचं आणि सोवळ्यात नसलेल्याने त्याला हात लावायचा नाही, हा सासूबाईंपासूनचा नेम. गॅलरीतल्या दोरीवर येताजाता कुणी ना कुणी शिवायचंच. इथे ही आयती दांडी मिळाली.

"अगं, हा व्यायामाचा दांडा आहे!"

"विसर्जनापर्यंत माझा. एक लुगडं अंगावर, एक वाळत. तुम्ही शिवलात तर पुरण पुन्हा पहिल्यापासून."

"आणि माझी टेस्ट?"

"नाही झाली तर घरी बसा की. बिघडलं काय?"

घरी बसायचीच तर सुभाषरावांना भीती वाटत होती. गॅलरीच्या जाळीला लटकून पाहिलं, तर पाय जमिनीलाच टेकत होते. दिवसभर ते येरझारा घालत राहिले, आणि दारापाशी आले की हात मागे बांधून घेत.

पूजेच्या दिवशी आंघोळ करून त्यांनी सोवळ्याचा रेशमी कद नेसला आणि दाराशी येऊन थबकले. मग काठीने लुगडं एका कडेला सारलं.

"अहो, काय करताय?"

"मीही सोवळ्यात आहे. आता कोण अडवतं बघू."

"कदात लटकणार? महालक्ष्म्या बघतायत!"

"बघू देत. तू मोज."

अलकाताईंच्या हातात पुरणाचा डाव होता. सुभाषरावांच्या पाठीमागे हॉलमधलं घड्याळ होतं. अलकाताईंनी त्यावर नजर लावली आणि मोजायला सुरुवात केली. बारानंतर खांदा पेटला. अठरा. एकवीस. आकडे पुढे सरकतच नव्हते. सुभाषरावांनी दात आवळून डोळे मिटले. घामाने हात निसटू लागले, तेव्हा कुठे "तीस" ऐकू आलं आणि ते धप्पकन खाली आले.

"झाले! तीस झाले!"

"एक्केचाळीस झाले," अलकाताई डाव पुसत म्हणाल्या. "मी सावकाश मोजले. तिथे मोजणाराही असाच निघाला तर?"

"तुला तर मी घरीच हवा होतो ना?"

"हवे आहात. पण चपला घालून परत काढणारे नकोत, बघवत नाही मला." त्या चुलीकडे वळल्या. "आता दारातून सरका. नैवेद्य न्यायचाय."