सुमनअक्कांची अर्धी गोळी

मे महिन्यात जळगावची माणसं डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसतात. आमच्या शेजारच्या सुमनअक्का मात्र त्या वर्षी शाल पांघरून ओट्यावर बसत. पारा पंचेचाळीसवर, आणि अक्का म्हणत, "भाऊ, हिव वाजस."

अक्का एकोणतीस वर्षं डाळमिलमध्ये बायकांच्या मुकादम होत्या. पाखडणाऱ्या चाळीसजणींत कोणाचा हात थांबला, ते त्यांना मान न वळवता कळे. निवृत्तीनंतर ती नजर गल्लीवर वळली. नळाशी कोणी गप्पा मारत राहिली, की ओट्यावरून हुकूम सुटे, "हात चालू दे, माय." त्या उन्हाळ्यात तो आवाज आधी घोगरा झाला, मग येईनासाच झाला. अक्का बसल्या बसल्या झोपू लागल्या. मुलगी धुळ्याला, त्यामुळे काळजी आम्हा शेजाऱ्यांना.

जानेवारीत त्यांची थायरॉइडची अर्धी ग्रंथी काढली होती; अक्का तिला गाठच म्हणत. डॉक्टरांनी रोज सकाळी अनशापोटी एक गोळी सांगितली होती. शंभर गोळ्यांची बाटली मीच आणून दिली आणि माझ्या सवयीने झाकणावर तारीख टाकली. एक दिवस ती बाटली सहज हातात आली. एकशे तीस दिवस झाले होते, म्हणजे ती कधीच संपायला हवी होती. मोजल्या, तर पस्तीस गोळ्या शिल्लक. पासष्ट गेल्या होत्या. रोजची बरोबर अर्धी.

अक्कांनी लपवलं नाही. त्या अडकित्त्याने गोळी सुपारीसारखी कातरत आणि उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी घेत. "अर्धी गाठ शे ना अजून मनी," त्या म्हणाल्या. "बठ्ठं काम गोळीच करी, तर ती बसीसन खाई. आळशी व्हई जाई." उरलेल्या अर्ध्या गाठीला त्यांना कामाला जुंपून ठेवायचं होतं.

रक्त तपासलं, तर गोळी कमी पडली की वाढणारा टीएसएचचा आकडा मर्यादेच्या पाचपट निघाला. डॉक्टर रागावले. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. अक्कांनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा अडकित्ता उचलला. तेव्हा मी विचारलं, "अक्का, दहातल्या पाचजणी काम सोडून गेल्या असत्या, तर उरलेल्या पाचजणींकडून दहाजणींचं काम घेतलं असतं का?"

त्यांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "नही. शेठकडे पाच बदली बाया मांगती."

"मग ही गोळी बदलीवर आली आहे."

अक्कांनी गोळीकडे नव्याने पाहिलं. अडकित्ता पानाच्या डब्यात गेला. दुसऱ्या दिवसापासून अख्खी गोळी, आणि त्यानंतर तासभर चहा नाही. त्या तासात त्या साऱ्या गल्लीची हजेरी घेत. तीन महिन्यांनी आकडा मर्यादेत आला, शाल ट्रंकेत गेली.

मग एकदा आमच्या फळीवर त्यांना माझ्या बीपीच्या गोळ्या दिसल्या. महिना संपला होता आणि चार गोळ्या उरल्या होत्या. बरं वाटतंय म्हणून रविवारी घेत नाही, असं मी सांगितलं.

"रविवारनी सुट्टी कोणी मंजूर करी?" अक्का म्हणाल्या.

आता त्या धुळ्याला लेकीकडे राहतात. रविवारी सकाळी सातला फोन येतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी एकच शब्द, "लिधी?" म्हणजे गोळी घेतली का. गेल्या महिन्यात अंथरुणातूनच मी हो म्हणालो. गोळी अजून फळीवरच होती.

"ऊठ, भाऊ. मी फोनवर शे."