लादी म्हणजे दीड

काय अक्कल पाजळली मी, ऐकाच! चहाचा कप आधी खाली ठेवा, हसताना सांडेल.

अंबरनाथच्या एका शाळेत मी गणित शिकवते. तेव्हा टेम्पररी होते. हेडबाई म्हणाल्या, "पाचवीवर एक पाठ घ्या, मी मागे बसून बघते. आवडला तर कायम करू."

आता मी म्हणजे पाठांतराची कट्टर दुश्मन! स्टाफरूममध्ये रोज भाषण, "पोरांचे पोपट करू नका हो, समजून शिकू द्या!" बाकीच्या बाया माना डोलवत डबा खायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या मागासलेल्या!

विषय अपूर्णांक. समजावून द्यायचं तर हातात वस्तू नको? जगात भाकरी आहे, कलिंगड आहे. पण बेलवलीहून येताना बेकरीतून मी काय आणावं? पावाची लादी!

लादीतला एक तोडून मी वर धरला. "मुलांनो, हा काय?"

"पाव!"

"याचे चार सारखे भाग केले. त्यातला एक म्हणजे?"

"तुकडा!"

"अरे, पाव!"

शिरगावची हर्षदा उठली. "टीचर, अख्खा होता तो पण पाव आणि हा तुकडा पण पाव?"

"हो. म्हणजे... तो खायचा पाव, हा गणितातला."

"मग हा खायचा नाही?"

"खा गं बाई, पण आधी समजून घे!"

हेडबाईंचं पेन थांबलं. मी पाव बाजूला सारला. "ते सोडा. गणितात चार पाव म्हणजे किती?"

"एक!" चला, जीव भांड्यात पडला.

तर हर्षदा परत उभी! "टीचर, लादीत सहा पाव आहेत. म्हणजे लादी दीड?"

मागून एकजण ओरडला, "अरे, बेकरीवाला तो दीड को एक बोलके बेचता है! लॉस में है बिचारा!"

झालं! वर्गाचा नुसता बाजार! आणि माझं डोकंच फिरलं हो. टेबलावर डस्टर आपटून मी किंचाळले, "गप्प! कोणीही काहीही समजून घ्यायचं नाही! म्हणा माझ्यामागे, एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण..."

वर्ग काय सुरात लागला म्हणता! घंटा होईपर्यंत आम्ही पावकीच घोकत होतो.

हेडबाई उठल्या. "अहो, सहा पाव दीडच होतात. पोरीला समजलं होतं की!"

मग कायम केलं का, विचारताय? केलं ना! रोज सकाळी अख्ख्या शाळेकडून पाढे घोकून घ्यायला.