दबोराचा लॉरिमर

दबोरा उमाप नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा दौंडहून तार आली. वडलांना अर्धांगवायू झाला होता. ही १९५६ची गोष्ट. शिरूरच्या मिशन शाळेत शिकलेली, इंग्रजीत हुशार, चोवीस वर्षांची मुलगी. पंधरा दिवसांची रजा टाकून ती दौंडला आली आणि आठ वर्षं तिथंच राहिली.

वडील याकोब हे हेन्री साहेबांचे बटलर. साहेब अँग्लो-इंडियन, मेल गाडीचे निवृत्त ड्रायव्हर. रेल्वे कॉलनीच्या कडेला त्यांनी स्वतःचा बंगला बांधला होता. बायको वारलेली, मुलगा ऑस्ट्रेलियाला गेलेला. बंगल्यामागच्या एका खोलीत याकोब राहायचा, आणि त्या खोलीशिवाय बापलेकीला जगात दुसरं छप्पर नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं, "खोली बंगल्यात काम करणाऱ्याची आहे. याकोबला जमणार नसेल तर तू कर."

स्वयंपाकाला अनसाबाई होती. दबोराचं काम संध्याकाळचं, साहेबांना पुस्तक वाचून दाखवायचं आणि ग्लास बनवून द्यायचा. काचबिंदूनं साहेबांची नजर गेली होती आणि त्यांना हेरकथांचा भारी नाद. त्यांच्या आवडत्या हेराचं नाव लॉरिमर. हा लॉरिमर प्रत्येक शहरात वेगळी मार्टिनी, म्हणजे जिनमध्ये व्हर्मूथ या वाइनचा अंश घालून केलेली दारू, प्यायचा. व्हिएन्नात लिंबाची साल पिळून, कैरोत खारवलेलं ऑलिव्ह टाकून. त्या दिवशीच्या पानांत तो जी पिईल तीच साहेबांना हातात हवी असायची. दारूबंदीचे दिवस होते, पण साहेबांकडे डॉक्टरच्या शिफारशीचं परमिट होतं. बर्फ स्टेशनवरून भुशात गुंडाळून यायचा. ऑलिव्ह कुठून आणणार? त्याजागी याकोबनं मिठात मुरवलेली करवंदं ठेवली होती.

दबोराला याकोबनं खाटेवरून शिकवलं. जिनच्या जागी पाणी घेऊन.

"चमचा वाजला," तो डोळे मिटून म्हणायचा. तोंड वाकडं झाल्यामुळं शब्द घरंगळत यायचे. "काचंला चमचा लागला न्हाई पायजे. परत कर."

"बाबा, मी हे शिकायला आले नव्हते."

"म्या तरी कुठं शिकाया आलतो?" याकोब म्हणाला. "बर्फावरनं व्हर्मूथ नुस्ती फिरवायची आन् वतून टाकायची. वास ऱ्हायला म्हंजी झालं. मग जिन."

महिन्याभरात तिचा हात बसला. एक थेंबही जिभेला न लावता ती नुसत्या वासावरून सांगायची, आज व्हर्मूथ जास्त झाली. साहेब खूश. पण चर्चमध्ये बायका तिच्याशेजारी जागा सोडून बसू लागल्या, आणि रविवारच्या शाळेत तिनं मुलांना शिकवायला मागितलं तर पाळकांनी विषय बदलला.

दोन वर्षांनी साहेबांच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "लिव्हर गेलंय. दिवसाला एक ग्लास, तोही पाणचट. नाहीतर वर्ष काढणार नाही तुम्ही."

साहेब हसले. "लॉरिमर तीन पितो," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी तीन मागितल्या आणि दबोरानं तीन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठवायला दोघीजणी लागल्या.

तिसऱ्या दिवशी वाचता वाचता दबोरा पानाच्या मध्येच थांबली. लॉरिमर तँजियरमध्ये होता, हॉटेलात शिरत होता. पुस्तकात त्यानं तीन मार्टिनी मागवल्या होत्या. दबोरानं पानावरची नजर न हलवता वाचलं की जिन्यात त्याला गोळी लागली. पोटात. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, यापुढं एकच ग्लास, अर्धा बर्फाच्या पाण्याचा.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "प्यायला त्यानं?"

"प्यायला. सावकाश. म्हणाला, अशीही बरी लागते."

"मग मलाही तशीच दे."

पण त्या दिवसापासून पुस्तक संपलं. पोटात गोळी लागलेला लॉरिमर छापील पानांत कुठंच बसेना; पुढचं सगळं दबोरालाच रचावं लागलं. सकाळी वडलांचं अंग पुसताना, त्यांना कूस वळवून देताना ती विचार करायची, आज काय घडवू? एक दिवस जरी सुचलं नाही तर साहेब पुन्हा जुन्या पुस्तकावर जातील, जुन्या तीन ग्लासांवर जातील. आणि साहेब गेले की खोली गेली. शेवटी कंटाळून तिनं लॉरिमरला पकडून दिलं. शत्रूनं त्याला एका बंगल्यामागच्या खोलीत कोंडलं. रोज सहाला पहारेकरी त्याला एक मार्टिनी देई, तेवढंच त्याचं सुख.

साहेबांच्या पायांची सूज उतरली.

१९६०च्या उन्हाळ्यात नर्सिंगच्या शाळेतल्या मेट्रनबाईंचं पत्र आलं. जूनच्या तुकडीत तुझ्यासाठी जागा ठेवते, त्यानंतर वयात बसणार नाहीस. दबोरानं पत्र चार दिवस पोलक्यात बाळगलं. सोडून जायचं धाडस तिला होईना; वडलांना कुठं ठेवणार? मग वाटलं, साहेबांनीच हाकललं तर? मग पर्याय उरणार नाही, शिरूरला मिशनवाल्यांना पदर पसरून बाबांसाठी कोपरा मागावा लागेल, आणि ते नाही म्हणणार नाहीत.

त्या संध्याकाळी ग्लास हातात देऊन ती उभीच राहिली.

"साहेब, लॉरिमरला गोळी लागलीच नाही. पुस्तकात तो अजून तीन पितो. मी खोटं वाचत होते."

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "कुठपासून?"

"तँजियरपासून."

"म्हणजे ती कोठडी?"

"माझी."

त्यांनी हात पुढं केला. तिनं पुस्तक दिलं. त्यांनी त्याच्या कडांवरून बोटं फिरवली आणि ते शेजारच्या स्टुलावर ठेवून दिलं.

"मला काढून टाका," दबोरा म्हणाली. "मी तुम्हाला दोन वर्षं फसवलंय."

"तू मला दोन वर्षं जगवलंस," साहेब म्हणाले. "तुला कसं काढू? तू म्हातारी झालीस तरी ही खोली तुझी. बस. पुस्तक नको आता, नुसतं सांग. आज कोठडीत काय झालं?"

ती बसली. सांगू लागली.

खोलीवर आली तेव्हा याकोब जागाच होता. "काय म्हनलं साहेब?"

"राहा म्हणाले. कायमची."

"देवाची दया," याकोब म्हणाला आणि त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. दबोरानं ते पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं मेट्रनबाईंना दोन ओळींत नकार कळवला.

पुढं चार वर्षं साहेब रोज लॉरिमरला सोडवायची एक नवी युक्ती सुचवायचे. खिडकीचा गज काप. पहारेकऱ्याला झोपेचं औषध दे. दबोरा प्रत्येक युक्ती हाणून पाडायची. गज जाड निघायचा, पहारेकरी बदलायचा. हे ती मुद्दाम करत होती.

"तू त्याला बाहेर काढणारच नाहीस," एकदा साहेब चिडून म्हणाले.

"नाही."

१९६४च्या फेब्रुवारीत एका सकाळी चहाच्या वेळी साहेब गेले. ऑस्ट्रेलियाहून मुलाचं पत्र आलं: बंगला विकला आहे, मागची खोली महिनाअखेर रिकामी करावी. बंगला घेणाऱ्या व्यापाऱ्याची बायको समजूतदार होती. ती म्हणाली, "मुलांना सांभाळायला राहा की. खोली असू दे तुझ्याकडेच."

दबोरानं तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको, बाई." पुढचं काहीही ठरलेलं नव्हतं.

एसटीत ड्रायव्हर-कंडक्टरनं याकोबला उचलून मागच्या बाकावर निजवलं. "कुठं चाललो आपन?" त्यानं विचारलं.

"शिरूरला."

"तिथं काय हाय?"

"माहीत नाही, बाबा."

तिथं काही नव्हतंही. महिनाभर दोघं मिशनच्या व्हरांड्यात राहिली. मग मांडवगण फराट्याच्या एका छोट्या दवाखान्यात जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला बाई हवी होती, ती जागा दबोराला मिळाली. याकोब तिथंच दोन वर्षांनी वारला.

दवाखान्यातल्या दबोराच्या पहिल्याच आठवड्यात धुरपदा नावाची बाई गूळ उकळताना भाजलेला हात घेऊन आली. डॉक्टर नव्हते.

"नर्सबाई, लई आग व्हतीय वो."

"मी नर्स नाही," दबोरा म्हणाली.

"मग कोन हाय तुमी?"

तिनं धुरपदाला बाकावर बसवलं, थंड पाण्याचं घमेलं ओढलं आणि तिचा हात अलगद त्यात सोडला.