मास्तरीणबाईंची अकरा बीजं

माझ्या थोरल्या बहिणीला कारखान्यात सगळे मास्तरीणबाई म्हणतात. शर्टांचं कटिंग तिच्याकडे. कापडाचे थरावर थर अंथरून एकदा का तिने मशीन फिरवलं, की ढीगभर बाह्या एका मापाच्या. तिचा एक नियम आहे. एका ऑर्डरचं कापड एकाच ताग्यातलं घ्यायचं आणि एकाच वेळी कापायचं. निम्मं आज, निम्मं उद्या केलं की रंगात फरक पडतोच म्हणे. या नियमापायी ती मालकाशीही भांडली आहे आणि दरवेळी जिंकली आहे.

लग्नाचं लांबतच चाललं, तेव्हा सदतिसाव्या वर्षी तिने दवाखान्यात स्वतःची स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवली. अकरा मिळाली. "माझी अकरा पोरं गारव्याला बसलीत," असं मला हसत सांगायची.

"बाजारात तुरी," मी म्हणायचे. "आधी नवरा तर आण!"

आणला, पण त्रेचाळिसाव्या वर्षी. भाऊजी सोन्यासारखा माणूस. पण तोवर तिच्या अंगात नवीन बीज तयार होणं थांबल्यातच जमा होतं. मूल व्हायचं ते त्या अकरांतूनच, नाहीतर नाहीच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी निम्मीच बाहेर काढू. गोठवलेली सगळी जगत नाहीत. जगली तरी कवच कडक झालेलं असतं, शुक्राणू सुईने आत सोडावा लागतो. त्यातूनही गर्भ वाढेलच असं नाही. निम्मी हातची राहू द्या."

कुणीही शहाणं माणूस हो म्हणालं असतं. ताई म्हणाली, "एका वेळची आहेत, एका वेळीच काढा. निम्मी-निम्मी केली की फरक पडतो."

भाऊजींनी समजावलं. मी तर ओरडलेच, "अगं, हे काय शर्ट आहेत का?" पण तिच्यापुढे कधी कुणाचं काही चाललंय? सगळीच काढली.

तीन तर वितळतानाच गेली. उरलेल्या आठांत सुई टोचली, पाच फळली. लॅबमधली मुलगी रोज सकाळी फोन करून कळवायची. पाचांचे दोन राहिले, दोनांचा एक. गर्भ चांगला दिसायचा आणि मध्येच वाढायचा थांबायचा. हे गोठवल्यामुळे झालं की मुळात बीजच तसं होतं, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "नक्की सांगता येत नाही," म्हणाल्या. खरंच बोलत असतील बिचाऱ्या, पण मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

शेवटचा फोन आला तेव्हा मी ताईला भेटायला कारखान्यात गेले होते. तिने टेबलावरच स्पीकर लावला.

"मॅडम, तो कालच थांबला होता. तरी एक दिवस जास्त ठेवून बघितला. नाही वाढला."

"अजून एक दिवस ठेवा."

"उपयोग नाही हो."

"पाया पडते तुमच्या. एक दिवस."

माझ्या बहिणीला कुणापुढे असं गयावया करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. कटिंगचं मशीन चालूच होतं, ते मी बंद केलं. "नाही हो, मॅडम," पलीकडून मुलगी म्हणाली.

"मग आता त्याला कुठे ठेवणार?" ताईने विचारलं.

तिने फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"परत त्या गारठ्यात नका ठेवू," ताई म्हणाली. "एकटाच आहे तो."