खिशातले तांदूळ

बोटीवर चढायला दहा दिवस राहिले होते आणि मी हॉलमध्ये फतकल मारून व्हॅक्युम क्लीनरने जॅकेटचे खिसे साफ करत होते. अंटार्क्टिकाला निघालेल्या बाईला हेही करावं लागतं, हे मला तरी कुठे माहीत होतं! बोटीच्या कंपनीने सक्त कळवलं होतं, तिकडच्या जमिनीवर बाहेरचं एक बी पडता कामा नये. शिवणी, चेनी, वेल्क्रो, बुटांचे तळ, सगळं साफ करून आणा, चढताना तपासू. खारघरच्या टेकडीवर चालायचा सराव केला होता ना, वेल्क्रोत ही कुसळं! दोन दिवस चिमट्याने उपटत बसले. बेलापूरच्या ऑफिसात जन्मभर फायली तपासल्या, पण इतकं किचकट काम कधी केलं नव्हतं.

समोर खुर्चीत सासूबाई वाल सोलत होत्या. घरात आम्ही दोघीच. सासरे जाऊन वीस वर्षं झाली, आणि आमचे हे जाऊन सहा. कंपनीचं पत्र मी त्यांना मराठीत करून सांगितलं, तेव्हा त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. पण मी जाते म्हटल्यावर म्हणाल्या काय, तर "बरं." बस्स. शाळेच्या नकाशात तळाशी तो पांढरा पट्टा पाहिला तेव्हापासूनची हौस माझी, आणि त्यांचं आपलं "बरं"! परवानगी नको होती मला. त्यांनी तोंड भरून "सुखाने जाऊन ये" म्हणावं, एवढंच हवं होतं. पंच्याऐंशीचं माणूस. मी परत येईपर्यंत... जाऊ दे.

आतल्या खिशात नळी घातली आणि आत खडखड खडखड सुरू झालं. बटण बंद केलं, खिसा उलटा केला, तर तांदूळ! मूठभर तरी होते.

माझा पारा चढला. "आई, हे तुम्ही टाकलंत? एवढं वाचून दाखवलं मी! तपासणीत सापडलं तर काय तोंड दाखवू मी तिथे?"

"तांदूळ थोडाच उगवतो?" त्या वालावरची नजर न काढता म्हणाल्या. "उगवतो तो भात, टरफलासकट. मी विचार करूनच टाकले. नारळ नाही ठेवला. त्याला कोंब येतो."

नारळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांदूळ, नारळ. ही ओटी होती.

हे गेल्यावर घरातलं पहिलं लग्न माझ्या भाच्याचं. बायकांच्या ओट्या भरायला लागले तशा सासूबाई माझा हात धरून मला मागच्या खुर्च्यांकडे घेऊन गेल्या. "आपण इथे बसायचं," म्हणाल्या. तेवढं एक वाक्य मी इतकी वर्षं मनात धरून होते, खोटं कशाला बोलू.

"एवढ्या लांब जायचं, रिकामी कशी पाठवू?" त्यांचा आवाज बारीक झाला. "पण माझ्या हातची चालते की नाही, तुझी भरलेली चालते की नाही, कुणाला विचारणार? म्हणून गुपचूप खिशात भरली."

आणि त्यातली अर्धी मी मशीनने ओढून घेतली होती. मला रडूच फुटलं. मग उठले, नवीन तांदूळ सुपात घेतले, नारळ घेतला आणि पाट मांडून ओढणी पसरली.

"पुन्हा भरा. उघड भरा."

"आधी दार लाव गं. शेजारीण बघेल."

"बघू दे की!"

त्यांनी ओंजळ भरली. निम्मे तांदूळ ओढणीत पडले, निम्मे लादीवर. नारळ दिला. मग देव्हाऱ्यातला करंडा आणायला लावला, आणि त्यात बोट बुडवून माझ्याकडे बघत राहिल्या. मी कपाळ पुढे केलं. त्यांनी कुंकू लावलं आणि तसंच माझं तोंड दोन्ही हातांत धरून ठेवलं. "सुखाने जाऊन ये," म्हणाल्या. "मी आहे."

रीतीप्रमाणे चार दाणे मी त्यांच्या सुपात परत टाकले. ते त्यांनी पुडीत बांधून देवापाशी ठेवले, मी आले की शिजवायला.

बाकीच्याचा मी नारळीभात केला. सासूबाईंना गोड बंद आहे, तरी दोनदा वाढून घेतला. माझं ताट पुसून रिकामं होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

"आता म्हणावं तपासा," त्या म्हणाल्या, "किती तपासायचं ते."